कोणत्या नावाने हाक मारायची?

(प्रेमनगर, झाशी येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दर वर्षी जमतो ते मास्तर कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते. ते रेल्वेच्या कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर होते. तरी सगळी वस्ती त्यांना मास्तर म्हणायची, कारण रविवारी सकाळी ते ओसरीवर चारदोन मुलांना बसवून मोडी शिकवायचे. त्या मुलांत मीही असे. बोरूने कित्ता गिरवताना हात दुखायचा आणि उठू का म्हटले की ते म्हणायचे, "एवढी ओळ पुरी कर, मग ऊठ."

त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याची, रकाने आखलेली एक वही होती. पहिल्या पानावर वर 'झाशी' असे लिहिलेले आणि खाली एकाखाली एक नावे: झांशी, झांसी, बळवंतनगर. पुढच्या रकान्यात इंग्रजी स्पेलिंगे. एक शेवटी 'आय'चे, एक शेवटी दोन 'ई'चे, एक 'आय-ई'चे. मी विचारले, मास्तर, हे काय? ते म्हणाले, "गाव एकच, पण प्रत्येक दफ्तरात त्याला वेगळ्या नावाने हाक मारावी लागते. चुकीच्या नावाने हाक मारलीस तर कागद ओ देत नाही."

तेव्हा घरात संगणक नव्हता. आज माझे सगळे काम पडद्यावर चालते. दिल्लीचे दफ्तर, लंडनचे ग्रंथालय, पुण्याची मासिके मी घरबसल्या उघडते. पण मास्तरांच्या त्या वाक्याच्या पुढे मी गेलेले नाही. आज मी जे सांगणार आहे तो त्याच वाक्याचा विस्तार आहे.

आधी आपल्या गावाची स्थिती पाहू. झाशीचा इतिहास झाशीत का सापडत नाही? पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे आले आणि १८५८च्या वेढ्यात आपल्या शहरात अडकले. सर ह्यू रोजच्या फौजेने ३ एप्रिलला तट चढून शहरात प्रवेश केला. त्यानंतरची लूट आणि कत्तल भटजींनी डोळ्यांनी पाहिली. माणसांबरोबर सरकारवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाचीही नासधूस झाली, हे त्यांनी दुःखाने लिहून ठेवले आहे. गावाची स्मृती जिथे बांधून ठेवलेली होती, तिथेच घाव बसला. उरले ते कागद इतरांनी आपापल्या कामासाठी लिहिलेले. कंपनी सरकारने लिहिलेले कलकत्त्याला गेले. १८९१ साली तिथे सरकारी दफ्तरखाना उभा राहिला आणि पुढे तो दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार झाला. लंडनला पाठवलेल्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पेशव्यांशी झालेला पत्रव्यवहार पुण्याच्या दफ्तरात राहिला. प्रेमनगरातून पुणे कुठे आणि लंडन कुठे! दोन पिढ्यांपूर्वी या वस्तीतल्या माणसाला आपल्याच गावाचा कागद पाहायचा म्हटले तर नोकरी सोडावी लागली असती.

तशी सोडणारी माणसेही होती. इतिहाससंशोधक राजवाडे गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यावरची दफ्तरे उतरवून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' गोळा करत राहिले. पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे २२ खंड झाले. त्याआधीच, १८९४ साली, द. ब. पारसनीसांनी राणी लक्ष्मीबाईसाहेबांचे चरित्र मराठीत छापले. इतिहासकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत संपादून दिले. या लोकांनी जे छापले त्यातले पुष्कळसे आज इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येते. आपल्या हातातल्या मोबाइलवर त्यांच्या आयुष्यभराच्या श्रमाचे ओझे आहे, हे मी कधी विसरत नाही.

आता पडद्यावरच्या शोधाकडे वळते. समजा तुम्ही 'नेवाळकर' असे टाइप केले. झाशीचे राजघराणे नेवाळकरांचे, हे आपल्या पोरासोरांना ठाऊक आहे. पण कंपनीच्या जुन्या कागदांत या आडनावाने शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. नवखा माणूस समजतो की कागदच नाहीत. खरी गोष्ट अशी की इंग्रज कारकून या घराण्याला आडनावाने ओळखतच नव्हता. १८०४ सालचा करार ज्यांच्याशी झाला ते आपले शिवराव हरी त्याच्या लेखी 'शिओ राव भाओ' आहेत. १८१७च्या करारातले रामचंद्रराव नुसते 'राव रामचंद' आहेत. राजे गंगाधररावांच्या नावात 'गं'साठी 'ए' नाही, 'यू' आहे. 'राणी' शेवटी दोन 'ई' लावून येते. 'लक्ष्मी' कधी 'लछमी' होते, कधी मध्ये 'टी' घुसतो.

यात गोंधळ दिसतो, पण त्यामागे रीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला इंग्रज कानाने ऐकून लिहायचा. 'अ'साठी 'यू', 'ई'साठी दोन 'ई', 'उ'साठी दोन 'ओ'. १८७०च्या दशकात हंटरची लिप्यंतराची पद्धत सरकारी कामकाजात रुळली आणि 'ए', 'आय', 'यू' ही आजची वळणे आली. म्हणजे कागद १८५४चा असेल तर १८५४च्या कानाने लिहावे लागते. मी शोधायला बसले की आधी पाटीवर एकेका नावाची पाच-सहा रूपे मांडते आणि मगच टाइप करते. त्यात अर्धा तास जातो आणि पुढचे चार दिवस वाचतात.

बाईचा शोध आणखी अवघड असतो. २० नोव्हेंबर १८५३ला गंगाधररावांनी दत्तक घेतला, दुसऱ्या दिवशी ते वारले. त्यानंतर संस्थानाचे काय करायचे यावर जो पत्रव्यवहार झाला, त्यात राणीसाहेबांचे नाव शोधत बसलात तर पुष्कळ कागद निसटतात. साहेब लोकांच्या लेखी त्या अनेकदा 'बाई' आहेत, 'दिवंगत राजाची विधवा' आहेत. तेव्हा शोधायचा शब्द 'विधवा'. दत्तक मुलाचे तसेच. तो आनंदराव होता, दत्तकानंतर दामोदरराव झाला. दोन्ही नावांनी हाक मारल्याखेरीज तो पुरा सापडत नाही. आणि राणीसाहेबांचे माहेरचे नाव मणिकर्णिका. एका आयुष्यात बाईची दोन-दोन नावे होतात आणि दफ्तरात ती तिसऱ्याच नावाने बसलेली असते. आपल्या आज्या-पणज्यांना शोधतानाही हे ध्यानात ठेवा.

राष्ट्रीय अभिलेखागाराने 'अभिलेख पटल' नावाचे संकेतस्थळ उघडले आहे. नाव नोंदवले की घरबसल्या पाने पाहता येतात. पण तिथला शोध बहुतेक वेळा कागदाच्या आतले शब्द धुंडाळत नाही. सूची करणाऱ्याने त्या कागदाला जे एका ओळीचे शीर्षक दिले, तेवढ्यातच तो शोधतो. म्हणून 'अन्याय' असे शोधून काही मिळणार नाही, कारण कोणता कारकून आपल्या सरकारच्या नोंदीत अन्याय लिहील? त्याच्या वहीत 'दत्तक', 'वारसा', 'लॅप्स' हे शब्द असतात. आपण ज्याला संस्थान खालसा होणे म्हणतो, ते त्याच्या लेखी 'लॅप्स'. दुसरी गोष्ट तारखेची. पत्र ज्या दिवशी लिहिले त्या तारखेखाली ते लावलेले नसते, कौन्सिलपुढे ज्या दिवशी आले त्या तारखेखाली असते. गंगाधररावांच्या मृत्यूनंतरचे कागद १८५३मध्ये शोधणारा रिकाम्या हाताने परततो. गव्हर्नर-जनरल डलहौसीने २७ फेब्रुवारी १८५४ रोजी आपला निर्णय लिहिला, आणि हे सारे प्रकरण १८५४च्या नोंदींत पडलेले आहे. शत्रूच्या वहीत आपला माणूस शोधायचा तर त्याची वही कशी लागते हे शिकावेच लागते.

मराठी कागदांची तारीख तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. मास्तरांनी आम्हाला एक हिशेब पाठ करून घेतला होता. पेशवाईतल्या पत्राच्या माथ्यावर 'सलास अर्बैन मया व अलफ' असे येते. अरबी आकडे ते. सलास म्हणजे तीन, अर्बैन चाळीस, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११४३. हा सुहूर सन. त्यात ५९९ मिळवा, १७४२ आले. सन मृगापासून सुरू होतो, म्हणून पत्र पुढच्या जानेवारी ते मे महिन्यांतले असेल तर ६०० मिळवायचे, म्हणजे १७४३. आणि १७४२ म्हणजे काय? नारो शंकर झाशीचे सुभेदार म्हणून आले ते साल. किल्ल्याचा शंकरगढ हा भाग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. चार अरबी शब्द लावता आले की या शहरात मराठी बोली कधी रुजू लागली त्या वर्षाशी तुम्ही येऊन उभे राहता. हे शोधयंत्र करून देत नाही. त्याला '१७४२' विचारले तर ते त्या पत्राकडे ढुंकूनही पाहणार नाही, कारण पत्रावर तो आकडाच नाही.

छापील मराठीतही अशाच अडचणी येतात. पारसनीसांच्या पुस्तकाच्या नावात झाशी 'झांशी' आहे, अनुस्वारासकट. त्या काळी 'केलें', 'पाहिलें' असे लिहीत. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि हे अनुस्वार गेले. आजच्या शुद्धलेखनाने 'झाशी' शोधणाऱ्याला १८९४चे पुस्तक दिसत नाही, कारण एका टिंबाचे अंतर आहे. म्हणून जुने मराठी शोधताना टिंब देऊन एकदा आणि न देता एकदा, असा दोनदा शोध घ्यायचा.

त्यातून पान छायाचित्रावरून वाचणारे यंत्र आणखी चुका करते. त्याला 'घ' आणि 'ध' यांत फरक कळत नाही, 'ख'चे ते 'रव' करते. आणि आपल्या गावाच्या पहिल्याच अक्षराचे हाल फार. जुन्या हिंदी छपाईत 'झ' वेगळ्या वळणाचा असे, 'भ'ला पुढे आकडा जोडल्यासारखा. यंत्र तो 'भ' म्हणून वाचते. एका दुपारी मी मास्तरांकडे गेले होते. त्यांची नजर तेव्हा अधू झाली होती. मी मोबाइलवर एका जुन्या हिंदी ग्रंथात 'झांसी' शोधून दाखवले, एकही निकाल आला नाही. मग 'भांसी' टाइप केले. पानामागून पान उघडत गेले आणि प्रत्येक पानावर आपले झांसी शहर होते. मास्तरांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, पुष्कळ वेळ पाहिले. मग मला लाल वही आणायला सांगितली.

मोडीपुढे यंत्र अजून शिकाऊ आहे. २०१४ साली मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, आता यंत्राला ती वाचायला शिकवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. पण बाइंडरने मार्जिन कापलेला, वाळवीने खाल्लेला, घाईत एका दमात लिहिलेला मोडी कागद आजही माणसालाच वाचावा लागतो. त्याचे छायाचित्र काढून संकेतस्थळावर टाकले तरी वाचणारा भेटेपर्यंत तो शोधात येत नाही. तो दिसतो, पण बोलत नाही. म्हणून मी तरुणांना हात जोडून सांगते, मोडी शिका. मन लावले तर काही महिन्यांत हाताला वळण लागते.

आता मला सर्वांत मोठ्या धोक्याबद्दल बोलायचे आहे. कागद सापडत नाही हे दुःख आहेच, पण सापडलेला पहिला कागद शेवटचा मानणे हे त्याहून वाईट. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'चेच पाहा. त्यांनी तो १८८३च्या सुमारास मोडीत लिहिला. चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ साली छापला, पण छापताना भाषेला हात लावला, मजकूर कमीजास्त केला. भटजींच्या मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ साली निघाली. १९०७ची आवृत्ती स्वामित्वहक्काच्या बाहेर गेली आहे, म्हणून पडद्यावर सहज मिळते ती तीच. घाईचा अभ्यासक तिलाच भटजींचा आवाज समजून उतारे देतो. जे फुकट ते पुढे येते. पण वेढ्यातल्या झाशीत भटजींनी काय पाहिले हे सांगायचे असेल तर १९६६ची प्रत कपाटातून काढलीच पाहिजे, आणि ती नसेल तर ग्रंथालयात जाऊन बसले पाहिजे.

तसेच राणीसाहेबांच्या जन्मवर्षाचे. कुठे १८२८ मिळते, कुठे १८३५. वीरमरणाचा दिवस कुठे १७ जून १८५८, कुठे १८ जून. पडद्यावर एका तारखेचे हजार निकाल येतात, दुसरीचे शंभर. म्हणून पहिली खरी ठरत नाही. त्या हजारांनी कदाचित एकाच पुस्तकातून उतरवून घेतले असेल. गावात एका घरातून निघालेली बातमी दहा तोंडांनी कानावर आली म्हणून दहा साक्षीदार होत नाहीत. प्रत्येक निकालाला विचारायचे, तू हे कुणाकडून ऐकलेस? आणि त्या पहिल्या माणसापर्यंत चालत जायचे. तो त्या दिवशी तिथे होता का, त्याने केव्हा लिहिले, कुणासाठी लिहिले. राजवाड्यांच्या पिढीने हेच केले, फक्त पायांनी.

शेवटी मी आपल्या वस्तीकडे येते. किल्ला, राणीमहाल, लक्ष्मीतालावरची गंगाधररावांची छत्री यांवर पुस्तके आहेत, चित्रे आहेत. प्रेमनगरावर काय आहे? इंडियन मिडलँड रेल्वेचा कारखाना १८९५ साली उभा राहिला, १९०० साली ती रेल्वे जी.आय.पी.कडे गेली, आणि कारखान्याच्या भोंग्याच्या आवाजावर आपल्या घरांची घड्याळे चालली. भुसावळकडून, मुंबईकडून मराठी माणसे इथे कामाला आली, त्यांच्या मुलांनी घरात मराठी आणि गल्लीत बुंदेली बोलत संसार केले. हा इतिहास कोणत्याही संकेतस्थळावर नीट सापडत नाही, कारण तो कुणी चढवलेलाच नाही. तो तुमच्या ट्रंकेत आहे. आजोबांचे सर्व्हिस सर्टिफिकेट, पगाराच्या चिठ्ठ्या, रेल्वेचा पास, गणेशोत्सवाच्या पावत्या, लग्नपत्रिका, कारखान्याच्या फाटकाशी काढलेला गटाचा फोटो.

हे कागद वाचवायला फार पैसा लागत नाही. खिडकीपाशी, उन्हाची तिरीप न येईल अशा जागी कागद सपाट ठेवा आणि मोबाइलने वरून सरळ फोटो घ्या. कडा कापू नका, कारण शेरा बहुतेक वेळा कडेलाच असतो. मागची बाजूही घ्या. फोटोला आकडा नको, नाव द्या: कुणाचा कागद, कोणते साल, कोणते गाव. आणि मूळ कागद फेकू नका. पडदा बदलतो, फाइली हरवतात, कागद जास्त टिकतो. सर्वांत महत्त्वाचे, घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर गटफोटोतल्या प्रत्येक चेहऱ्यापुढे नाव लिहून घ्या. नाव नसलेला फोटो शंभर वर्षे टिकला तरी त्याला कुणी हाक मारू शकत नाही. आज आपण ज्या चुकीच्या स्पेलिंगांशी झगडतो ती परक्यांनी घातली. आपली नावे आपण लिहून ठेवली नाहीत, तर उद्याची पोरे आपल्या हलगर्जीपणाशी झगडतील.

२०२१च्या अखेरीस आपल्या स्टेशनाचे नाव बदलून वीरांगना लक्ष्मीबाई झाले. मला आनंद झाला, आणि लगेच मनात आले की शंभर वर्षांनी कुणी तरी १९५०चे तिकीट शोधताना नव्या नावाने शोधेल आणि काही मिळणार नाही. त्याला जुने नाव कोण सांगेल?

मास्तरांच्या घरच्यांनी ती लाल वही आज इथे आणली आहे, तिकडे टेबलावर ठेवली आहे. पहिले पान जरूर पाहा. झाशी, झांशी, झांसी, बळवंतनगर, आणि सर्वांत खाली, इतर ओळींपेक्षा थरथरत्या हाताने लिहिलेले, 'भांसी'. त्यापुढे कंसात त्या दिवसाची तारीख आहे. तो शब्द लिहून झाल्यावर त्यांनी मला विचारले होते, "आणखी कोणत्या नावाने सापडते ग?" मी म्हणाले, बघते. मी अजून बघते आहे. वहीची मागची बरीच पाने कोरी आहेत, आणि शेजारी पेन ठेवले आहे. जाताना तुमच्या घराण्याची, तुमच्या गल्लीची, तुमच्या पणजीची सगळी नावे त्यात लिहून जा.